उलट्या वळणाची गोगलगाय

तीन मिलिमीटरचा एक शंख, अॅपने दिलेलं एक चुकीचं नाव आणि ‘हे कुणी सांगितलं?’ हा एक प्रश्न. वाळूतली इवलीशी गोगलगाय ओळखायला गेलात, तर हाती काय लागतं?

एक काम करा. पाकिटातलं एटीएम कार्ड काढा. त्याची जाडी बघा. अशी चार कार्डं एकावर एक ठेवली की जेवढी जाडी होते, साधारण तेवढीच या लेखाची नायिका उंच आहे. तीन मिलिमीटर! नायिका म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचा रिकामा शंख. तपकिरी रंग, निमुळता आकार आणि अंगभर मण्यांच्या माळा गुंडाळल्यासारखी नक्षी. वेंगुर्ल्याजवळच्या एका किनाऱ्यावरून मी मूठभर वाळू घरी आणली होती, त्यात ती सापडली. आणि तिने माझी जी काही शोभा केली, ती वाचून तुम्हाला हसू येईल. हसा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण ही चूक तुम्हीही करणार आहात. कदाचित आज सकाळीच केली असेल!

‘वाळयेत काय गावतला तुका?’

झालं असं. डिसेंबरमध्ये मैत्रिणीच्या गावी गेलो होतो. सगळे पाण्यात, आणि मी खडकांच्या बेचक्यात साठलेली जाडसर वाळू डब्यात भरतेय. एक काकी थांबल्या. ‘‘काय गो चेडवा, काय हरवला?’’ मी म्हटलं, शंख शोधतेय. त्यांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं आणि हसल्या. ‘‘वाळयेत काय गावतला तुका?’’

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याला शंख म्हटलं की देवघरातला शंख आठवतो, नाहीतर जत्रेतल्या कवड्यांच्या माळा. पण किनाऱ्यावरची जाडसर वाळू नीट बघितलीत, तर तिच्यातले कितीतरी कण हे कण नसतातच. ते शंख असतात, शिंपल्यांचे तुकडे असतात, सागरी साळिंदरांचे काटे असतात. घरी येऊन मी वाळू धुतली, वाळवली, चहाच्या गाळणीतून चाळली आणि काळ्या कार्डपेपरवर पसरून भिंगातून बघायला बसले. तीन तास कसे गेले कळलं नाही. त्या वाळूत बटणासारखे चपटे होते, स्क्रूसारखे लांबुळके होते, दाण्यासारखे गोल होते. आणि एक होता, जो बाकीच्यांपेक्षा काहीतरी वेगळा दिसत होता. काय वेगळं, ते मला सांगता येईना.

मी फोटो काढला. मग आणखी चांगला फोटो हवा म्हणून चिमट्याने तो उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. हा चिमटा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोटो ओळखणाऱ्या एका अॅपवर टाकला. चार सेकंदांत नाव आलं. लॅटिन, दोन शब्दी, एकदम भारदस्त. झालं की काम! मी इंटर्न आहे, पानाला फोटो-फीचर हवं होतं. शीर्षक तयार, कॅप्शन तयार, नाव तयार.

पानाचं प्रूफ आलं तेव्हा मी आनंदाने त्याचा फोटो आमच्या ओळखीच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना पाठवला. मूळ फोटो त्यांना आधीच पाठवलेला होता. दोन मिनिटांत त्यांचा फोन.

‘‘अगं, हा शंख रातोरात उजव्या वळणाचा कसा झाला?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आणि हे नाव कॅरिबियन समुद्रातल्या गोगलगायीचं आहे. ती तुला वेंगुर्ल्यात कशी भेटली?’’

मी डेस्कवर गेले. सरांनी चष्म्यावरून बघत एकच विचारलं, ‘‘हे नाव कुणी सांगितलं?’’ मी म्हटलं, अॅपने. ‘‘आणि अॅपला कुणी सांगितलं?’’ मला उत्तर नव्हतं. फीचर काढून टाकलं. त्या जागी सुडोकू गेलं.

डावं-उजवं म्हणजे काय रे भाऊ?

आधी वळणाचा घोळ समजून घ्या, कारण गोगलगाय ओळखण्याची पहिली पायरी तीच. शंखाचं टोक वर धरा आणि तोंड, म्हणजे जिथून प्राणी बाहेर येतो ती फट, स्वतःकडे करा. तोंड तुमच्या उजव्या हाताला आलं तर शंख उजव्या वळणाचा. डाव्या हाताला आलं तर डाव्या वळणाचा. बास, एवढंच. जगातल्या बहुतांश गोगलगायी उजव्या वळणाच्या असतात. माझी डाव्या वळणाची होती. मला ‘काहीतरी वेगळं’ दिसत होतं ते हेच.

मग प्रूफमध्ये ती उजवी कशी झाली? पानाच्या मांडणीत तिचं टोक पानाच्या बाहेर कलत होतं. ते आत कलावं म्हणून फोटो आरशासारखा फिरवला गेला. माणसाच्या फोटोत असं केलं तर फार तर भांग दुसरीकडे जातो. गोगलगायीच्या फोटोत केलं तर तिचं अख्खं कुळ बदलतं! तुमच्या फोनचा सेल्फी कॅमेराही हेच करू शकतो. त्यामुळे शंखाचा फोटो नेहमी मागच्या कॅमेऱ्याने काढायचा आणि शक्य तर शेजारी काहीतरी अक्षर लिहिलेला कागद ठेवायचा. अक्षर उलटं दिसलं की समजायचं, फोटो फिरलाय.

या डाव्या-उजव्याची एक गंमत आपल्या घराघरात आहे. दक्षिणावर्ती शंख तुम्ही ऐकला असेल. दुर्मीळ, महाग. आपल्याकडे शंख धरतात तो टोक खाली आणि निमुळती नळी वर अशा पद्धतीने, म्हणून तोंड उजवीकडे येणारा शंख तो दक्षिणावर्ती. शास्त्रज्ञ शंख उलटा, म्हणजे टोक वर धरतात, म्हणून त्यांच्या भाषेत तोच शंख डाव्या वळणाचा. देवघरातल्या शंखाच्या प्रजातीत, टर्बिनेला पायरममध्ये, असं डावं वळण क्वचितच सापडतं. म्हणून किंमत. पण बाजारात त्याच नावाने अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लायटनिंग व्हेल्क नावाचा शंखही खपवला जातो. तो जन्मतःच डाव्या वळणाचा असतो, त्याच्या किनाऱ्यावर त्यात दुर्मीळ असं काहीच नाही. बघा, शंख ओळखता आला नाही तर थेट खिशाला फटका बसतो.

आणि आपली नायिका? तिच्या कुळाचं नाव ट्रायफोरिडी. या कुळाची एक छोटी शाखा सोडली, तर बाकी सगळे शंख डाव्या वळणाचे. अख्खं खानदान डावखुरं! त्यामुळे मॅडमनी फोटो बघताच कुळ ओळखलं होतं. डावं वळण, निमुळता आकार, मण्यांच्या ओळी. तिन्ही एकत्र आलं की ट्रायफोरिडी. मला वाटलं, अरे वा, सोपं आहे. एका मिनिटात कुळ कळलं, तर दहा मिनिटांत नाव कळेल.

दोन शनिवार गेले. नाव कळलं नाही.

पोटात पाय, आणि पायाखाली कोडं

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो. पण शास्त्रात गोगलगायींच्या वर्गाचं नाव आहे गॅस्ट्रोपोडा. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट, आणि पोड म्हणजे पाय. पोटात पाय! आपल्या आज्यांना आणि युरोपातल्या शास्त्रज्ञांना एकच गोष्ट दिसली होती. आणि ट्रायफोरिडी कुळाला तर ही म्हण तंतोतंत लागू पडते. वरून साधी दिसणारी, आतून पक्की गूढ.

ही मंडळी जगतात कशी? बहुतेक सगळ्या एक सेंटिमीटरपेक्षा लहान. खातात काय, तर स्पंज. भांडी घासायचा नव्हे! समुद्रात खडकांना चिकटून राहणारे स्पंज हे प्राणी असतात, त्यांच्या अंगातल्या छिद्रांतून सोंडेसारखा लांब अवयव घालून ही गोगलगाय त्यांचं मांस खाते. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात खडक आणि प्रवाळ आले की स्पंज आले, आणि स्पंज आले की ही आली. ‘ट्रायफोरा’ या नावातला ‘ट्राय’ म्हणजे आपला ‘त्रि’. पूर्ण वाढलेल्या काही शंखांना तीन तोंडं दिसतात. एक मुख्य, एक पुढच्या नळीचं आणि एक मागचं.

आता ओळखायचं कसं ते बघा. मॅडमनी मला एका कागदावर प्रश्न लिहून दिले. आपण बातमीत कोण, काय, कुठे, कधी विचारतो ना, तसेच.

पहिला प्रश्न. हे बाळ आहे की मोठं? लहान शंख म्हणजे लहान प्रजाती असं नाही. तो मोठ्या प्रजातीचं पिल्लू असू शकतो. पूर्ण वाढलेल्या शंखाचं तोंड जाड होतं, नळी पूर्ण तयार होते. हे दिसत नसेल तर पुढे जपून.

दुसरा प्रश्न. मण्यांच्या ओळी किती? प्रत्येक वळशावर दोन की तीन? तिसरी ओळ सुरुवातीपासून आहे, की खालच्या वळशांवर हळूहळू उगवते? हे मोजायला मला पाऊण तास लागला. दोनदा वेगळं उत्तर आलं.

तिसरा प्रश्न. रंग काय? आणि लगेच पुढे कंसात त्यांनी लिहिलं होतं, ‘यावर विश्वास ठेवू नये’. का, ते त्यांनी त्याच वाळूत दाखवलं. बटणासारख्या चपट्या, चकचकीत गोगलगायी होत्या ना, त्या निवडल्या. गुलाबी, राखाडी, पिवळसर, ठिपक्यांच्या, पट्ट्यांच्या. मी चार ढीग केले. मॅडमनी चारही ढीग एकत्र केले. सगळ्या एकाच प्रजातीच्या, उंबोनियम वेस्टियारियम. रंग वेगळे, प्रजाती एक. आणि ट्रायफोरिडीमध्ये नेमकं उलटं. सगळ्या तपकिरी, सगळ्या मण्यांच्या, आणि प्रजाती मात्र वेगवेगळ्या.

युरोपातल्या तज्ज्ञांचीही इथे फसगत झाली होती बरं का. तिथल्या समुद्रातली ट्रायफोरा पर्व्हर्सा ही एकच प्रजाती आहे असं बराच काळ मानलं जायचं. १९७८मध्ये फिलिप बुशे आणि गिलमो या फ्रेंच अभ्यासकांनी बारकाईने बघितलं, तर एका नावाखाली अनेक प्रजाती नांदत होत्या! आणि त्या निघाल्या कशावरून? चौथ्या प्रश्नावरून.

चौथा प्रश्न. टोक कसं आहे? शंखाचं अगदी वरचं टोक म्हणजे त्या गोगलगायीचं बालपण. ती अंड्यातून बाहेर येते तेव्हा अंगावर जो शंख असतो तोच मोठेपणीही टोकाला तसाच राहतो. मोठा शंख त्याच्या खाली वाढत जातो. या बालशंखाला प्रोटोकाँच म्हणतात. त्यावरची नक्षी वेगळी, वळसे वेगळे. त्यावरून ती गोगलगाय लहानपणी समुद्रात तरंगत, खात-पीत दूरवर गेली, की जन्मली तिथेच राहिली याचाही अंदाज येतो. वळसे जास्त असतील तर बहुधा लांबचा प्रवास, कमी असतील तर घरकोंबडी. अख्खा बायोडेटा त्या टोकावर लिहिलेला असतो, अर्ध्या मिलिमीटरमध्ये. तो वाचायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो.

मॅडमनी शंख मायक्रोस्कोपखाली ठेवला. बघितलं. पुन्हा बघितलं.

‘‘टोक कुठंय?’’

चिमटा आठवला? पहिल्या फोटोत टोक होतं. अस्पष्ट, पण होतं. दुसऱ्या फोटोत नव्हतं. चांगला फोटो मिळावा म्हणून मी जो चिमटा वापरला, त्याने तिचं बालपण तोडलं होतं. मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं. घरी जाऊन मी काळा कार्डपेपर, टेबल, फरशी सगळं शोधलं. अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा फरशीवर शोधून बघा एकदा.

मॅडम ओरडल्या नाहीत. ‘‘ओला ब्रश वापरायचा असतो,’’ एवढंच म्हणाल्या. ते जास्त लागलं.

मग डीएनए आहे ना?

हा प्रश्न तुम्ही विचारणार हे माहीत आहे, कारण मीही विचारला होता. डीएनए बारकोडिंगमध्ये प्राण्याच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा छोटा भाग वाचतात आणि माहितीसाठ्याशी ताडून बघतात. पण त्यासाठी प्राणी लागतो. माझ्याकडे रिकामं घर होतं, घरमालक केव्हाच गेलेला. शिवाय ताडून बघायला माहितीसाठ्यात त्या प्रजातीची नोंद आधीपासून असावी लागते. तिथे ती तेव्हाच असते, जेव्हा कुणीतरी आधी बसून, भिंगातून बघून, योग्य नाव देऊन ती भरलेली असते. अॅपचंही तेच. ज्या किनाऱ्यांचे फोटो भरपूर, तिथली नावं त्याला पाठ. ज्यांचे फोटोच नाहीत, तिथे ते त्यातल्या त्यात सारखं दिसणारं नाव पुढे करतं. खोटं बोलत नाही बिचारं. फक्त ‘माहीत नाही’ म्हणायला लाजतं. तोंडी परीक्षेत आपण करतो तसं.

शेवटी उरतो जुना मार्ग. ज्याने त्या प्रजातीचं पहिल्यांदा वर्णन केलं, त्याचा मूळ लेख शोधायचा, आणि त्याने ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो मूळ नमुना बघायचा. इथे माझी शोधाशोध वेंगुर्ल्याहून मुंबईला आणि तिथून थेट इंग्लंडला पोचली. कारण आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी छोट्या गोगलगायींची बारशी तिकडे झालीत.

१८९३मध्ये जेम्स कॉस्मो मेलव्हिल या इंग्रज अभ्यासकाने मुंबईच्या किनाऱ्यावरच्या २५ नव्या सागरी शंखांची वर्णनं छापली. ते शंख मुंबईत गोळा केले होते अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी यांनी. छापले कुठे, तर मँचेस्टरच्या एका संस्थेच्या नियतकालिकात. मेलव्हिल यांचा प्रचंड संग्रह आज वेल्समध्ये, कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्याही आधी, १८६०च्या दशकात, विल्यम ब्लॅनफर्ड यांनी मुंबईच्या खारट चिखलातल्या काही मिलिमीटरच्या एका गोगलगायीला नाव दिलं, फेअरबँकिया बॉम्बेयाना. यातलं ‘बॉम्बे’ कळलं. पण फेअरबँक कोण? तर सॅम्युअल फेअरबँक, अहमदनगर भागात (आताचं अहिल्यानगर) काम करणारे अमेरिकन मिशनरी, ज्यांना शंख गोळा करायचा नाद होता. समुद्रापासून इतक्या लांब नगरला राहणाऱ्या माणसाचं नाव मुंबईच्या चिखलातल्या गोगलगायीवर कोरलं गेलंय. पुढच्या वेळी नगरचा कुणी मित्र ‘आमच्याकडे समुद्र नाही’ म्हणाला तर हे ऐकवा.

पण जरा विचार करा. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी भिंग आणि कागदावर काढलेल्या चित्रांच्या जोरावर लोकांनी ही नावं दिली. तेव्हा वर्णनं दोन-चार ओळींची असायची, टोकाच्या नक्षीचा उल्लेखही अनेकदा नसायचा. आज एखाद्याला आपल्या किनाऱ्यावरची ट्रायफोरिडी नक्की ओळखायची, तर त्याला ते जुने लेख, परदेशातले नमुने आणि नवा मायक्रोस्कोप या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आणाव्या लागतात.

एवढ्या लहानशा गोष्टीसाठी एवढं?

खरं सांगते, दुसऱ्या शनिवारी मलाही हेच वाटलं होतं. तीन मिलिमीटर! कुणाला काय फरक पडतो?

मग मॅडमनी एक आकडा सांगितला. प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे. तिथल्या कूमाक या ठिकाणी, पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातल्या त्याच फिलिप बुशे यांच्या टीमने समुद्राचा २९५ चौरस किलोमीटरचा तुकडा पिंजून काढला. हा तुकडा मुंबई शहर आणि उपनगरांपेक्षाही लहान. खडक ब्रशने घासले, गाळ पंपाने ओढला, चाळला, मायक्रोस्कोपखाली निवडला. २००२मध्ये निष्कर्ष छापले. मृदुकाय प्राण्यांच्या, म्हणजे गोगलगायी, शिंपले आणि त्यांच्या भाईबंदांच्या, तब्बल २,७३८ प्रजाती! त्यातल्या साधारण एक तृतीयांश प्रजाती जेमतेम चार मिलिमीटरपर्यंतच्या. आणि दर पाच प्रजातींपैकी एक अशी, की जिचा सगळ्या मोहिमेत फक्त एकच नमुना मिळाला. एकच.

म्हणजे उष्ण कटिबंधातल्या समुद्रात लहान असणं हा अपवाद नाही, तोच तिथला कारभार आहे. आपण जे मोठे, चमकदार शंख बघून खूश होतो, ते म्हणजे लग्नातले फक्त स्टेजवरचे लोक. खरी वरात वाळूत आहे. आणि तिच्यातल्या अनेकांना अजून नाव नाही.

नाव नसलं की काय होतं? यादीत येत नाही. एखाद्या खाडीत भराव टाकायचा असेल, जेटी बांधायची असेल, वाळू उपसायची असेल, तर आधी तिथे काय-काय राहतं याची यादी करतात. यादीत मासे येतात, खेकडे येतात, मोठे शंख येतात. चहाच्या गाळणीतून पडणाऱ्यांचं कोण लिहिणार? जी यादीतच नव्हती, ती गेली हे कुणाला कळणार? स्पंज खाणाऱ्या गोगलगायीला स्पंज हवेत, स्पंजांना स्वच्छ खडक हवेत. खडकावर गाळ बसला की दोघांचंही संपलं. आपल्याला फक्त वाळू दिसेल, पूर्वीसारखीच.

आणखी एक आकडा, जो मला जास्त टोचला. २०१२मध्ये एका अभ्यासात मोजलं होतं की नव्या प्रजातीचा पहिला नमुना सापडल्यापासून तिचं रीतसर वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. हे सगळ्या प्रकारच्या जिवांचं सरासरी गणित. २१ वर्षं कपाटात, डबीत, लेबल लावून, कुणीतरी येईल म्हणून वाट बघत. मी २२ वर्षांची आहे. म्हणजे मी जन्मले तेव्हा कुणीतरी गोळा केलेला एखादा शंख आता कुठे नाव मिळून मोकळा होत असेल. का? नमुने नाहीत म्हणून नाही. बघायला बसणारी माणसं कमी आहेत म्हणून.

बसणारी माणसं. हे आपल्याबद्दल आहे, दोस्तांनो.

एसपी साहेब!

शेवटी माझ्या शंखाचं काय झालं? मॅडमनी मला लेबल लिहायला लावलं. कागदाचा छोटा तुकडा, पेन्सिलने, कारण शाई उडते. कुळ, ट्रायफोरिडी. ठिकाण, तारीख, खडकांमधली वाळू, भरतीच्या रेषेजवळ, गोळा करणारीचं नाव. आणि प्रजातीच्या जागी इंग्रजीतली दोनच अक्षरं, एस आणि पी, पुढे टिंब. मी हसले. ‘‘मॅडम, जिल्ह्याचे एसपी?’’ त्याही हसल्या. ही दोन अक्षरं म्हणजे स्पीशीज या शब्दाचं लघुरूप. अर्थ असा, की ही एक कुठलीतरी प्रजाती आहे, कुठली ते मला सांगता येत नाही.

मला वाटलं, ही हार आहे. दोन शनिवार घालवून ‘सांगता येत नाही’? मॅडम म्हणाल्या, ‘‘तू कॅरिबियनचं नाव लिहिलं असतंस, तर पुढे कुणीतरी ते खरं मानून यादीत घेतलं असतं. मग त्या यादीवरून आणखी कुणी. एक खोटं नाव काढून टाकायला वर्षं जातात. एसपी लिहिलंस, तर पुढच्याला कळेल की इथे काम बाकी आहे.’’

तोपर्यंत मला वाटायचं, पत्रकाराने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. कॅप्शनमध्ये नाव हवंच. आता डेस्कवर काही लिहिताना सरांचा प्रश्न मीच मला विचारते. कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? आणि उत्तर मिळालं नाही, तर जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच लिहिते. कधीकधी ते कुळापर्यंतच जातं.

डबी माझ्या टेबलावर आहे. पुन्हा वेंगुर्ल्याला जाणार आहे, त्याच खडकांमध्ये. या वेळी ओला ब्रश घेऊन. त्या काकी भेटल्या तर त्यांना सांगायचंय, वाळयेत काय गावला ते.

तुम्हीही करून बघा

वाळू : भरतीच्या रेषेजवळची, जाडसर, शंखांचा चुरा असलेली. एक मूठ पुरते, पिशवी भरू नका. अभयारण्यातून, उदाहरणार्थ मालवणच्या सागरी अभयारण्यातून, काहीही उचलायचं नाही. काही शंख १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, हेही लक्षात ठेवा.

जिवंत प्राणी : आत प्राणी असेल तर जागच्या जागी फोटो काढा आणि सोडून द्या. आइस्क्रीमच्या कोनासारखा दिसणारा कोन शंख तर जिवंत असताना हातात घेऊच नका. त्याचा विषारी दंश जिवावर बेतू शकतो.

साहित्य : चहाची जुनी गाळणी, काळा कागद, दहापट मोठं दाखवणारं भिंग, बारीक ब्रश. ब्रश ओला करून टोकाने शंख उचलायचा. चिमटा नको! का, ते वर वाचलंत.

फोटो : मागच्या कॅमेऱ्याने, शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. तोंडाकडून एक, पाठीकडून एक आणि टोकाचा जवळून एक.

नोंद : ठिकाण आणि तारीख त्याच दिवशी लिहा. ‘नंतर लिहू’ म्हटलं की संपलं. ठिकाण माहीत नसलेला शंख म्हणजे नुसता शोपीस.

नाव : अॅपने सुचवलेलं नाव ही टिप समजा, बातमी नाही. ते नाव ‘मोलस्काबेस’ या मोफत माहितीसाठ्यात टाकून ती प्रजाती कुठल्या समुद्रात राहते ते बघा. समुद्रच वेगळा निघाला तर नाव खोडा. कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाचं दार वाजवा. आणि तरीही कळलं नाही, तर बिनधास्त लिहा, एसपी.